पीतज्वराची ओळख : एक दुरुस्ती

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका पाठशाळेच्या स्मरणिकेंत प्रस्तुत लेखकाचा एक लहानसा निबंध छापला गेला होता. पाश्चात्यांस सतराव्या शतकांत अमेरिकेंत प्रथम दिसलेला पीतज्वर आमच्या चरकसंहितेंत ‘कामला’ व ‘हलीमक’ या नांवांनीं आधींच वर्णिलेला आहे, असें त्यांत मोठ्या आत्मविश्वासानें प्रतिपादन केलें होतें. निबंधाचें कौतुक झालें. पुढें दोन-तीन ठिकाणीं त्याचा आधार घेतला गेल्याचेंहि पाहण्यांत आलें. तें प्रतिपादन चुकीचें होतें. तें कसें चुकलें हें सांगावें, आणि ‘हा रोग अमुकच’ असें ठरविण्याची रीत पीतज्वराच्या बाबतींत कशी घडत गेली हें दाखवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

निमित्त अगदीं साधें घडलें. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त नायजेरियांत जावयास निघाला असतां भेटीस आला. लस टोंचून घेतल्याचें पिवळ्या रंगाचें पुस्तक त्याच्या हातांत होतें. त्यानें विचारलें, “गुरुजी, पीतज्वर म्हणजे आपली कावीळच ना? ती तर इथें घरोघर होते. मग ही लस बाहेर जाणाऱ्यालाच कां, आणि परत येतांना विमानतळावर पुन्हां हें पुस्तक कां दाखवायचें?” उत्तर देऊं लागलों तेव्हां जुना निबंध आठवला. तो खरा असता तर या प्रश्नास उत्तरच नव्हतें.

आधीं माझी चूक सांगतों. चरकाच्या चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. डोळे, त्वचा, नखें हळदीसारखीं होणें हें कामलेचें रूप तेथें दिलें आहे. आणि जी कामला बरी होत नाहीं तिच्या वर्णनांत मलमूत्र काळपट होणें, डोळ्यांत, मुखांत व वांतींत रक्त दिसणें हीं लक्षणें आलीं आहेत. पिवळेपणा आणि रक्ताची वांति हीं दोन लक्षणें एकत्र सांपडतांच मी हुरळून गेलों व लेखणी उचलली. परंतु ज्या ओळींवर मीं भिस्त ठेवली त्यांच्या आगेंमागें काय आहे याकडे लक्ष दिलें नाहीं. कामला ही तेथें आधींच पांडुरोगानें पीडलेल्या माणसानें पित्तकर पदार्थांचें अतिसेवन केल्यानें होते, असें सांगितलें आहे. म्हणजे तो एकेकट्याच्या आहारापासून उद्भवणारा विकार होय. हलीमकाचें वर्णन तर याहून दूर आहे. त्यांत ज्वर मृदु, बळ व उत्साह यांचा क्षय, तंद्रा, अग्निमांद्य, अशी महिनोगणती रेंगाळणाऱ्या दुखण्याचीं लक्षणें आहेत. पीतज्वर हा धडधाकट तरुणास एकाएकीं धरतो व दहा-बारा दिवसांत एक ना एक निकाल लावतो. शिवाय गांवेंच्या गांवें ओस पाडणाऱ्या रोगांचा विचार चरकानें विमानस्थानांत, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायांत, स्वतंत्रपणें केला आहे. तेथें कामलेची अशा मरकांत गणना नाहीं. चरकास पीतज्वर ठाऊक असता तर त्याची जागा पांडुरोगाच्या परिवारांत नसून तेथें असती.

आतां खुद्द पीतज्वर कसा असतो तें पाहूं. डांस चावल्यापासून तीन ते सहा दिवसांनीं एकदम थंडी वाजून ताप भरतो. डोकें व कंबर विलक्षण दुखते, तोंड व डोळे लाल होतात, मळमळ सुटते. तीन-चार दिवसांनीं ताप उतरतो, आणि बहुतेक रोगी तेथूनच बरे होतात. शंभरांतील सुमारें पंधरांच्या नशिबीं मात्र हा उतार फसवा ठरतो. एखाद्या दिवसांत ताप परततो, अंग पिवळें पडतें, मूत्र कमी होऊन त्यांत अल्ब्यूमिन जाऊं लागतें, हिरड्या व नाक यांतून रक्त येतें, आणि पोटांत झिरपलेलें रक्त तेथील आम्लानें काळें होऊन कॉफीच्या चोथ्यासारखें वांतीवाटे पडतें. या दुसऱ्या अवस्थेस पोंचलेल्यांपैकीं निम्म्यापर्यंत लोक दगावतात. यांतील मर्म असें कीं, ज्या पिवळेपणावरून रोगास नांव मिळालें तो बहुसंख्य रोग्यांच्या अंगावर दिसतच नाहीं. नांव हेंच येथें पहिलें फसवें साधन आहे. अमेरिकेंतील स्पॅनिश लोकांनीं ठेवलेलें ‘काळी वांति’ हें नांव त्या मानानें अधिक नेमकें होतें. पण काळी वांति झाली म्हणजे ओळखून उपयोग काय, असा प्रश्न तेथेंहि उरतोच.

या रोगाचीं पहिलीं निःसंदिग्ध वर्णनें १६४७-४८ सालचीं, बार्बाडोस बेट व युकातान येथील आहेत. आफ्रिकेंतून गुलाम भरून आणणाऱ्या गलबतांच्या पाण्याच्या पिंपांतून रोगवाहक डांसहि आले, ही गोष्ट कळावयास पुढें अडीचशें वर्षें लागलीं. मधल्या काळांत वैद्यांनीं हा रोग ओळखला तो बहुतांशीं स्मृतीच्या बळावर. १७९३ च्या ऑगस्टांत फिलाडेल्फिया शहराच्या धक्क्याजवळ माणसें मरूं लागलीं, तेव्हां डॉ. बेंजामिन रश यांनीं हा पीतज्वर असल्याचें सांगितलें; याचें कारण हेंच कीं, १७६२ ची सांथ त्यांनीं उमेदवारीच्या काळांत स्वतः पाहिली होती. ज्यांनीं ती पाहिली नव्हती त्यांस हा नेहमींचाच पावसाळी ताप वाटला. सुमारें पन्नास हजार वस्तीच्या त्या शहरांत त्या वर्षीं पांच हजारांच्या घरांत माणसें मेलीं. रश यांनीं रोग बरोबर ओळखला, पण कारण मात्र धक्क्यावर कुजत पडलेल्या कॉफीच्या पोत्यांची दुर्गंधि असें ठरविलें, आणि उपचार म्हणून जुलाब व रक्तमोक्षण यांचा असा मारा केला कीं, त्याबद्दल त्यांच्या हयातींतच मोठे वाद माजले. ओळख खरी आणि कारण खोटें, हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं.

आमच्या माधवनिदानाच्या प्रारंभीं रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. पीतज्वराच्या वैद्यांस माधवकराचें नांवहि ठाऊक नसेल. तरी ते याच पायऱ्यांवरून चांचपडत गेले, हें पाहून संस्कृताच्या विद्यार्थ्यास गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. रूप फसवें ठरलें. मग उपशय. सिंकोना झाडाची साल, व १८२० नंतर तिच्यापासून काढलेलें क्विनीन, दिल्यानें जो ताप हटतो तो हिवताप आणि जो हटत नाहीं तो पीतज्वर, अशी परीक्षा पुष्कळ दिवस चालू होती. कसोटी ढोबळ खरी, पण अगदींच टाकाऊ नव्हती. न्यू ऑर्लीन्सचे डॉ. फाजे यांनीं नाडीकडे लक्ष वेधलें. साधारणतः ताप चढला कीं नाडी जलद होते. पीतज्वरांत ताप तसाच राहतो किंवा चढतो आणि नाडी मात्र मंद होत जाते. ही खूण त्यांच्या नांवानें आजहि ओळखली जाते. ज्या शहरांत १८५३ च्या एका सांथींत सुमारें आठ हजार बळी पडले त्या शहरानें ती वैद्यकास दिली. पण आपल्याकडे ज्यास विषमज्वर किंवा टायफॉइड म्हणतात त्यांतहि तापाच्या मानानें नाडी मंद असते. सबब या खुणेनें संशय बळावतो, निश्चय होत नाहीं.

निदानाची, म्हणजे हेतूची, कथा सर्वश्रुत आहे म्हणून थोडक्यांत सांगतों. हवाना येथील डॉ. कार्लोस फिन्ले यांनीं १८८१ सालीं डांसाकडे बोट दाखविलें आणि वीस वर्षें कोणी त्यांचें ऐकलें नाहीं. १९०० सालीं अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या मंडळानें तें सिद्ध केलें. मंडळापैकीं जेसी लाझीर हे त्याच वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं या रोगानें वारले. त्यांचें नांव दिलेल्या छावणींत तिघां जणांनीं पीतज्वरानें मेलेल्यांच्या रक्ता-वांतीनें माखलेल्या अंथरुणांत वीस रात्री काढल्या आणि कोणासहि रोग झाला नाहीं. उलट डांस चावविलेले लोक आजारी पडले. रोग्याचें रक्त पहिल्या तीनच दिवसांत डांसास दूषित करतें, व तो डांस पुढें बारा-एक दिवसांनीं दुसऱ्यास बाधा करूं शकतो, हा हिशेबहि तेथेंच बसला. म्हणजे रोगी पिवळा पडून सर्वांच्या ध्यानांत येतो त्या वेळीं तो दुसऱ्यास धोकादायक राहिलेलाच नसतो. अंग पिवळें होण्याची वाट पाहणाऱ्या शहरांत सांथ कां आवरत नसे, याचें उत्तर या एका गोष्टींत आहे.

परंतु वाहक सांपडला म्हणजे रोगबीज सांपडलें असें नव्हे, आणि येथेंच या इतिहासांतील मोठी फसगत झाली. १८९७ सालीं इटालियन पंडित सानारेल्ली यांनीं एक जंतु पुढें केला. तो दोन वर्षांत रद्द झाला. पुढें १९१८ सालीं जपानी संशोधक हिदेयो नोगुची हे इक्वेडोरमधील ग्वायाकील येथें गेले. पीतज्वराचे म्हणून दाखविलेल्या रोग्यांच्या रक्तांत त्यांना मळसूत्राच्या आकाराचा एक जंतु आढळला. त्यांनीं त्यास नांव दिलें, त्यावर लस केली, ती हजारोंना टोंचण्यांत आली. नोगुची हे साधे गृहस्थ नव्हते. त्यांचा हात व डोळा दोन्हीहि विलक्षण कुशल होते. चूक त्यांच्या सूक्ष्मदर्शकाची नव्हती. जो रोगी त्यांच्यापुढें आणला गेला तोच बहुधा पीतज्वराचा नसून वाइलच्या रोगाचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रामुळें होणाऱ्या लेप्टोस्पायरी काविळीचा होता. तीहि एकाएकीं येते, तींतहि डोळे लाल, अंग पिवळें, रक्तस्राव व मूत्रपिंडाचा बिघाड असतो. १९२६ सालीं थायलर व सेलार्ड्स यांनीं नोगुचींचा जंतु आणि वाइलच्या रोगाचा जंतु एकच असल्याचें दाखविलें. अस्सल म्हणून हातीं आलेला कागद आधींच दुसऱ्या दप्तरांतला असावा, आणि वाचणाऱ्यानें तो अक्षरशः बिनचूक वाचावा, तसें हें झालें. माझ्या निबंधाची चूकहि याच जातीची होती. फरक इतकाच कीं, माझ्या चुकीनें कोणाचा जीव गेला नाहीं.

खरा निर्णय लागला तो पश्चिम आफ्रिकेंत, आणि तेथें हिंदुस्थानचा संबंध येतो. लागोस येथें आलेल्या रॉकफेलर संस्थेच्या मंडळास एक मोठी अडचण होती. रोग्याचें रक्त गिनीपिगांस दिलें, आफ्रिकेंतील माकडांस दिलें, तरी त्यांस म्हणण्यासारखें कांहींच होईना. आणि प्राण्यांत रोग उमटल्याविना बीज पकडतां येईना. मग आशियांतील माकडें मागविण्यांत आलीं. त्यांत हिंदुस्थानांतील रीसस, म्हणजे उत्तरेकडचें लालतोंडें माकड, होतें. १९२७ च्या जूनअखेर गोल्ड कोस्टमधील असिबी नांवाच्या एका अठ्ठावीस वर्षांच्या मनुष्याचें रक्त अशा एका माकडास टोंचलें. असिबीचें दुखणें सौम्य होतें व तो बरा झाला, माकड मेलें. त्याच्या रक्तांत जंतु नव्हता. जें होतें तें अतिसूक्ष्म गाळणींतूनहि पार जाणारें विषाणुद्रव्य होतें. हा शोध लावणाऱ्यांपैकीं एड्रियन स्टोक्स हे त्याच वर्षीं १९ सप्टेंबर रोजीं पीतज्वरानेंच वारले. आपला जंतु खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं नोगुची स्वतः आफ्रिकेंत गेले आणि २१ मे १९२८ रोजीं अक्रा येथें त्याच रोगानें मृत्यु पावले. पुढें १९३७ सालीं माक्स थायलर यांनीं जी लस तयार केली ती असिबीच्या रक्तांतील विषाणूच्याच वंशांतली. माझ्या विद्यार्थ्याच्या दंडांत टोंचली गेली तीहि तीच.

माझ्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें या माकडाच्या मरणाचें महत्त्व वैद्यकाइतकेंच आहे. आफ्रिकेंतील माकडें या विषाणूनें आजारी पडत नाहींत; हजारों पिढ्यांच्या सहवासानें त्यांस तो पचला आहे. दक्षिण अमेरिकेंतील आरडणारीं माकडें त्यानें झाडावरून पटापट गळून पडतात. तेथील रानांतला नेहमींचा कल्लोळ एकाएकीं थांबला कीं, जाणते लोक सांथीची चाहूल ओळखतात. कारण तेथें हा रोग साडेतीन-चारशें वर्षांचाच आहे. आणि हिंदुस्थानचें माकडहि मरतें. हा रोग चरकाच्या काळीं आमच्या अरण्यांत व नगरांत असता, तर येथील वानरजातीच्या रक्तांत त्याची कांहीं तरी ओळख उरली असती असें मानणें भाग आहे. हें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. परंतु माझ्या दोन श्लोकांच्या आधारापेक्षां तें पुष्कळ बळकट आहे. एकदां होऊन गेलेल्या पीतज्वराची खूण रक्तांत जन्मभर राहते. उंदरांवरील प्रयोगानें ती ओळखण्याची युक्ति १९३०-३१ च्या सुमारास निघाल्यावर निरनिराळ्या खंडांतील माणसांचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हांहि आफ्रिका व अमेरिका येथें ती खूण सांपडली, आशियांत सांपडली नाहीं.

संप्राप्तीची परीक्षा, म्हणजे रोगानें आंत काय केलें हें पाहणें, ब्राझीलमध्यें पराकाष्ठेस गेली. तापानें दहा दिवसांच्या आंत मेलेल्यांच्या यकृताचा लहानसा तुकडा एका खास उपकरणानें काढून प्रयोगशाळेकडे पाठविण्याची पद्धत १९३० पासून तेथें सुरू झाली. यकृताच्या खंडिकेचा मधला पट्टा जळून जातो व कडेच्या पेशी वांचतात, ही पीतज्वराची खूण मृत्यूनंतरहि टिकते. प्रेताच्या विटंबनेवरून नातलगांचा रोष झाला, तो साहजिकच होता. पण शहरांतून हा रोग गेला असें सगळे समजत असतां तो खेड्यापाड्यांत गुपचूप चालूच आहे, हें या तुकड्यांनीं उघडकीस आणलें. आणि १९३२ सालीं एस्पिरितु सांतु प्रांतांत घरगुती डांसाचा मागमूस नसतांहि पीतज्वर असल्याचें दिसून, तो मूळचा रानांतील माकडांचा व रानडांसांचा रोग आहे हें कळलें. जिवंत रोग्याच्या यकृताचा तुकडा मात्र काढूं नये. रक्त न थांबून तो दगावण्याचा संभव असतो.

आजची रीत अशी आहे. पहिल्या चार-पांच दिवसांत रक्तांत विषाणूचें जनुकद्रव्य सांपडतें. तें न सांपडल्यास रोग नाहीं असें म्हणतां येत नाहीं, कारण तोंवर विषाणु रक्तांतून नाहींसा झालेला असूं शकतो. आठवड्यानंतर रक्तांतील प्रतिपिंडें पाहतात. पण डेंग्यू, झिका व वेस्ट नाइल हे पीतज्वराचेच भाऊबंद. एकाचीं प्रतिपिंडें दुसऱ्याच्या परीक्षेंत साक्ष देतात. लस घेतलेल्याच्या रक्तांतहि तीं असतात. म्हणून रोगी कोठून आला, केव्हां आला, लस केव्हां घेतली, हे प्रश्न आधीं विचारावे लागतात, आणि शेवटीं विषाणु निष्प्रभ करण्याच्या परीक्षेनें निवाडा होतो. हिवताप, लेप्टोस्पायरा, विषाणुजन्य कावीळ व डेंग्यू यांचा निरास केल्याशिवाय शहाणा डॉक्टर पीतज्वराचें नांव घेत नाहीं.

आमच्या देशांत हा रोग आल्याची एकहि नोंद नाहीं. याचें कारण डांस नाहीं हें नव्हे. ज्या एडीस इजिप्ती डांसानें हवाना व मेंफिस उद्ध्वस्त केलें तोच आमच्या रांजणांत व फुलदाण्यांत वाढतो व डेंग्यू पसरवितो. पनामाचा कालवा १९१४ सालीं खुला होणार, मग पूर्वेकडील बंदरांशीं अमेरिकेचें दळणवळण वाढणार, या भीतीनें मेजर जेम्स या अधिकाऱ्याचा हिंदुस्थानच्या संरक्षणाविषयींचा अहवाल १९१३ सालींच प्रसिद्ध झाला होता. डेंग्यूच्या पूर्वबाधेनें कांहीं आडोसा मिळतो, असें कांहीं विद्वान् म्हणतात. आफ्रिकेचा पूर्व किनारा या रोगाचें मुख्य ठाणें नव्हता, असें दुसरे म्हणतात. वाद मिटलेला नाहीं. म्हणूनच लस न घेतां बाधित देशांतून येणाऱ्यास आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात, आणि २०१६ सालीं अंगोलाहून परतलेल्या चिनी कामकऱ्यांबरोबर हा रोग आशियांत पोंचला तेव्हां सर्वत्र जी धांवपळ झाली तीहि याचमुळें.

एकदां मात्र तो आला असेंच वाटलें होतें. १९५७ च्या आरंभीं म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यांत, सागर व सोरब तालुक्यांच्या रानांत वानरें व माकडें मरून पडूं लागलीं, आणि रानांत लांकूडफांट्यास जाणारीं माणसें तापानें व रक्तस्रावानें आजारी पडलीं. मेलेलीं माकडें, ताप, रक्त, शिवाय तापाच्या मानानें मंद नाडी! पुण्यास १९५२ सालीं स्थापन झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील मंडळी तेथें गेली ती मनांत रानपीतज्वराची शंका घेऊन. ती शंका योग्यच होती. पण रोग्यांत कावीळ नव्हती; आणि माणसांच्या व माकडांच्या शरीरांतून मिळालेला विषाणु तपासतां तो पीतज्वराचा न निघतां रशियांतील गोचिडांपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळांतला निघाला. वाहकहि डांस नसून गोचीड. त्या रानाच्या नांवावरून त्यास क्यासनूर अरण्यरोग म्हणूं लागले. पुण्याच्या विद्वानांनीं आधीं मनांत असलेलें नांव त्या रोगास चिकटवलें नाहीं, विषाणूचें उत्तर येईतों थांबले, हें मला विशेष वाटतें. हाच रोग २०१५ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत व २०१६ सालीं सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे दिसला. तेथील लोक त्यास माकडताप म्हणतात. नांव गांवठी खरें, पण ‘पीतज्वर’ या नांवाहून तें पुष्कळ प्रामाणिक आहे.

विद्यार्थ्यास मीं एवढेंच सांगितलें कीं, कावीळ हें लक्षण आहे आणि पीतज्वर हा रोग आहे. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधीं घेतलेली असावी लागते, आणि २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो, तेव्हां तें पुस्तक जपून ठेव. त्या जुन्या स्मरणिकेची प्रत ज्या वाचनालयांत किंवा ज्या वाचकांपाशीं असेल त्यांनीं माझ्या निबंधांतील ‘हलीमक म्हणजेच पीतज्वर’ हें वाक्य व त्याखालचे दोन परिच्छेद रद्द समजावे. कामलेच्या असाध्य लक्षणांचें जें भाषांतर त्यांत दिलें आहे तें मात्र मूळाबरहुकूम आहे. त्यांत फेरफार करण्याचें कारण नाहीं.